सात वेळा परत येणारी हाक

उन्हाळा लागला की आमच्या लॉजवर पाहुण्यांची रीघ लागते आणि माझ्या पायाला भिंगरी. टॉवेल, चादरी, गरम पाणी. आमचे हे मात्र काउंटरवर बसून प्रत्येकाला तीच गंमत सांगतात, "वरच्या कठड्यावरून दरीत हाक मारा, सात वेळा परत येते! अख्ख्या देशात दुसरीकडे कुठे नाही." पाहुणे आ वासून ऐकतात आणि एक दिवस जास्त राहतात.

कठडा लॉजच्या डोक्यावरच आहे, पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी मी कधी गेले नव्हते. हंगामात सवड नाही, हंगाम संपला की गळकं छप्पर.

आज सकाळी एका पाहुणीने विचारलं, "काकू, तुमची हाक किती वेळा परत आली?" तेव्हापासून माझं कशात लक्ष लागेना. चादर घडी करायला घेतली, टाकली. किल्ल्या उचलल्या, ठेवल्या. शेवटी ओल्या हातांनीच तरातरा वर चढून गेले.

दरीसमोर उभी राहिले, तर ओरडायचं काय हेच सुचेना. तेवढ्यात खालून ह्यांचा आवाज आला, "अगं, पाच नंबरला टॉवेल!"

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "आले!"

सात कसले, दोनदाच परत आलं. नुसत्या थापा!

पण खाली ह्यांचं समाधान झालं. पाहुण्याला सांगत होते, "आलीच बघा ती."

मी पुन्हा एकदा दरीत ओरडले, "आले, आले!" आणि तिथेच ठाण मांडून बसले.