सहवासाची पाटी

गांधीबागेत सुताच्या एका दुकानाच्या माडीवर महिलांचं वाचनालय होतं. एकोणीसशे अठ्ठावन्न साली त्यात सहाशे पुस्तकं, एक बंद पंखा आणि भागीरथाबाई होत्या; त्या मागच्याच खोलीत एकट्या राहत. भागीरथाबाई कुणाला पुस्तक सुचवण्याआधी सकाळपासून काय काय केलं ते विचारत, आणि मग बरोब्बर हवं ते पुस्तक काढून देत. यात त्या सहसा चुकत नसत.

जयवंताच्या बाबतीत मात्र त्यांचं काम वर्षभर अडलं होतं.

जयवंता दर शनिवारी येई, पण एक पुस्तक दोन-दोन महिने पुरवी. तिच्या भावाकडे माग होता, आणि ताणा सांधायचं काम तिचं. म्हणजे मागावर संपत आलेल्या एकेका धाग्याला नव्या धाग्याचं टोक पीळ देऊन जोडायचं. बोटं घसरू नयेत म्हणून ती चिमूटभर राख लावायची, आणि ती राख पुस्तकाच्या पानांवरही उमटायची. कुठल्या पानावर ती थांबली, कुठलं पान तिनं दोनदा वाचलं, ते भागीरथाबाईंना राखेवरून कळे.

भागीरथाबाईंनी तिला आधी एक रहस्यकथा दिली. तिच्यात चोर सापडत नाही, पण त्याला शोधणाऱ्या दोघी एकमेकींना सापडतात. नंतर एक नाटक दिलं. त्यातल्या दोन राण्या राजाला शिकारीला पाठवतात आणि परत बोलवायचंच विसरतात. एका भूतकथेतली हडळ नवरीला झपाटते, आणि मांत्रिक आल्यावर नवरीच त्याला हाकलून देते. मग एक प्रवासवर्णन, एक जाडजूड कादंबरी, आणि एक पाककृतींचं पुस्तक, ज्यातली सगळी प्रमाणं दोघींपुरती होती. सगळ्यांत दोन बायकांचा एकमेकींवर जीव होता. जयवंता पुस्तक परत करताना दरवेळी एवढंच म्हणे, "बरं होतं, बाई. दुसरं द्या." राख मात्र नेमक्या पानांवर असे.

सातवं पुस्तक कवितांचं होतं. त्यात एक बाई दुसरीला सरळ विचारते, माझ्या घरी राहायला येतेस का? ते पुस्तक द्यायला भागीरथाबाईंचा धीर होईना. त्याऐवजी त्यांनी एक वेगळंच काम काढलं. अशी पुस्तकं हवी असणारी जयवंता काही एकटीच नसेल, तर अशा कुणालाही सहा कपाटं धुंडाळावी लागू नयेत. त्यांनी सातही पुस्तकं एका कपाटात लावली आणि कवडू पेंटरला 'सहवास' अशी पाटी रंगवायला सांगितली.

कवडूनं त्या वर्षी विणकर सोसायट्यांच्या बत्तीस पाट्या रंगवल्या होत्या. त्याचा हात आपोआप चालायचा. त्यानं 'सहकार' लिहिलं.

पाटी दुरुस्त होण्याआधीच खालच्या दुकानात आलेला सहकार खात्याचा एक साहेब जिना चढला. पाटी बघून त्याला भरून आलं. आठ दिवसांत पत्र आलं: सोसायटीच्या प्रत्येक सभासदानं या कपाटातली पुस्तकं वाचावीत. सातही पुस्तकं विणकर सोसायटीचे अध्यक्ष नत्थूजी घेऊन गेले.

सभासद फार मनापासून वाचत. हडळीला मत देता येतं की नाही, यावर दोन सभा झाल्या. येतं, असं ठरलं, पण तिनं उजेडात हजर राहावं.

बाकीची सहा पुस्तकं कपाटात परत आली; कवितांचं मात्र नत्थूजींकडेच राहिलं. आणि तेवढ्यात जयवंताचा भाऊ ताराचंद यानं ठरवून टाकलं की तिनं उमरेडला काकाकडे जाऊन राहावं, तिथं सांधणीला हात कमी आहेत. ती शनिवारी दुपारी निघणार होती. आता भागीरथाबाईंना धीर आला, तर पुस्तक नव्हतं.

शनिवारी सोसायटीची सभा वाचनालयातच भरली. ताराचंद सभासद होता, म्हणून तो आला; गाडीला वेळ होता, म्हणून जयवंताही ट्रंक घेऊन दाराशी बसली. नत्थूजींनी कवितांचं पुस्तक उघडलं.

"भागीरथाबाई, हे मी चारदा वाचलं," ते म्हणाले. "ह्या दोघी एका घरात राहून राहिल्या. पण करतेत काय? माल कोणता काढतेत?"

माल काढत नाहीत, असं भागीरथाबाईंनी सांगितलं.

"मंग एकत्र काहून आल्या?"

भागीरथाबाईंनी वर्षभर सहा पुस्तकांच्या आडून जे सांगितलं होतं, ते आता वीस विणकरांसमोर सांगायचं होतं. त्यांनी ट्रंकेकडे बघितलं.

"एकमेकीवर प्रेम आहे म्हणून," त्या म्हणाल्या. "एकीले दुसरीशिवाय करमत नाही. म्हणून तिनं विचारलं, येते का वं राहाले."

सभासदांनी माना डोलावल्या. हे कलम त्यांना पटलं. नत्थूजींची अडचण वेगळीच होती. "ठीक आहे. पण दोघीत अध्यक्ष कोण?"

यावर पुस्तकात काहीच नव्हतं.

"कोणीच नाही," दाराशी बसलेली जयवंता म्हणाली. "जिले आधी जाग येते, ते चहा मांडते." मग तिनं भागीरथाबाईंकडे बघितलं. "मले पहाटेच जाग येते, भागीरथा."

आजवर ती 'बाई' म्हणत आली होती.

नत्थूजींना चहाचं तत्त्व इतकं आवडलं की त्यांनी जागच्या जागी ठराव मांडला: सरकारी पत्राप्रमाणे या सहकाराची सुरुवात आजच करावी, आणि जयवंताबाईंनी भागीरथाबाईंकडे राहावं. वीस हात वर गेले. ताराचंद प्रत्येक ठरावाला हात वर करायचा. आज कशाला वर केला, हे त्याला हात खाली आणताना कळलं. पण तोवर इतिवृत्तात लिहून झालं होतं.

"ट्रंक मंग कुठं नेऊ?" त्यानं विचारलं.

"मागच्या खोलीत," भागीरथाबाई म्हणाल्या.

सभा उठली, तसा कवडू रंगाचा डबा घेऊन जिना चढून आला. पाटी दुरुस्त करतो म्हणाला. नत्थूजींनी त्याला हात लावू दिला नाही. ठराव याच नावानं झाला होता.

जयवंतानं टेबलावरचं कवितांचं पुस्तक ओढून घेतलं. संध्याकाळपर्यंत ते वाचून संपलं. एका पानावर राखेचा पुरा अंगठा उमटला होता.

"दुसरं दे," ती म्हणाली.

भागीरथाबाई उठल्या, कपाटापाशी गेल्या, आणि एकेक पुस्तक काढून परत ठेवू लागल्या.

"ते सयपाकाचं दे," जयवंता म्हणाली. "मापं पाहाची आहेत."