ठिगळीचे घमेले

थांबा मित्रांनो, असे धावत पुढे जाऊ नका! अंगणाच्या त्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला, वाळूने भरलेले आणि काठ वाकलेले लोखंडी भांडे दिसते आहे ना? ते मी. गवंड्याचे घमेले. आता नाक मुरडू नका बरे का! माझ्यात वाळू का आहे आणि ती कोणासाठी आहे, हे तुम्हाला लवकरच कळेल. पण कळल्यावरही मला हसू नका. कारण या कोपऱ्यात येऊन बसल्याचा मला जेवढा आनंद आहे, तेवढा चार मजली इमारतीच्या गच्चीवर पोहोचल्याचाही झाला नव्हता.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. गोल चकती होऊन मी यंत्राच्या जबड्यात शिरलो, वरून धाडकन दाब बसला आणि पोटात खड्डा घेऊनच बाहेर पडलो. देवाने काहींना मिरवायला जन्माला घातले आणि काहींना वाहायला. माझ्या वाट्याला वाहणे आले आणि मी ते हसत घेतले. एका गवंड्याने दुकानात मला बोटाने टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा टिकेल."

आणि मी टिकलो! मित्रांनो, काय ते दिवस! स्लॅबच्या दिवशी तर नुसती धांदल. या हातातून त्या हातात, त्या हातातून डोक्यावर, डोक्यावरून शिडीवर, आणि वर पोहोचून ओतला जातो न जातो तोच रिकामा खाली. जाताना भरलेला, येताना हलका. माणसांनीही असेच जगावे, असे मला तेव्हा फार वाटायचे. संध्याकाळी सगळे हातपाय धुवायला पळाले तरी माझा गवंडी आधी मला धुवायचा. एकही कण चिकटून राहिला तर त्याला खपायचे नाही. "हत्याराला आज विसरलं, की उद्या ते आपल्याला विसरतं," असे तो म्हणायचा.

आमचे शेवटचे काम शेजारच्याच घरी झाले. तिथे एक शिवणकाम करणारी मावशी एकटी राहते. एकटी म्हणजे, ती आणि तिची मांजर. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे तुकडे, जणू उरलेल्या कापडांतून शिवलेली. म्हणून मावशी तिला ठिगळी म्हणते. मावशीचे अंगण मातीचे होते. एकदा चिखलात पाय घसरला, मनगट मोडले, आणि दोन महिने तिचे मशीन मुके झाले. तेव्हा तिने गवंड्याला हाक मारली. "भाऊ, सगळ्या अंगणाला कोबा करून द्या. चिखलाचं नाव नको."

गवंडी कामाला लागला. चार दिवस मी सिमेंटचा माल वाहिला. भिंतीपासून भिंतीपर्यंत अंगण असे गुळगुळीत झाले की मावशी अनवाणी फिरून आली आणि म्हणाली, "ताट ठेवून जेवावं असं केलंत हो, भाऊ!" गवंड्याची छाती फुगली. "बोटभर जरी माती दिसली ना ताई, तर माझी थापी तुमची."

त्यानंतर त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. थापी खुंटीला लागली आणि मी घराच्या मागे, टाकीजवळ पालथा पडलो. एक दिवस गेला, महिना गेला. कोळ्याने माझ्या पोटात संसार थाटला. गंजाने बुडाला भोक पाडले. तोंड जमिनीला आणि पाठ आभाळाला, अशा स्थितीत देवाचे नाव घेण्यापलीकडे मी करणार तरी काय? बरे एवढेच की काठाखाली विटेचा तुकडा आला होता. त्या फटीतून मला आमचे अंगण दिसायचे.

रिकाम्या हातांचा गवंडी म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. त्याने अंगणात टमाट्याचा आणि पालकाचा एक वाफा केला. वाळू चाळायच्या चाळणीने माती चाळली, ओळंब्याची दोरी धरून ओळी आखल्या. आठवड्याने हिरवे कोंब वर आले, तेव्हा तो उकिडवा बसला, गुडघे विसरला आणि आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, ओरडला, "अगं, बघ तरी! जन्मभर मी वीट ठेवावी तेव्हा भिंत वाढायची. हे आपलं आपणच वाढतंय!"

त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा वाफा उकरलेला होता! कोंब उलटेसुलटे पडलेले, मधोमध मातीचा उंचसा ढीग, आणि त्या ढिगाखाली काय होते ते तुम्ही ओळखलेच असेल. भिंतीवर ठिगळी पंजा चाटत बसली होती, चेहऱ्यावर साळसूदपणा.

गवंड्याने पुन्हा बी टाकले. कोणीतरी सांगितले म्हणून पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. ठिगळीने त्यांत आपले तोंड पाहून घेतले. संत्र्याची साले पसरली, ती तिने बाजूला सारली. मग त्याने तिखटाचा डबा उचलला, तेव्हा मात्र काकूंनी त्याचा हात धरला.

"अहो, मांजर पाय चाटतं. जीभ भाजेल त्या मुक्या जिवाची."

"मुकी? रात्रभर गाते ती!"

"गाऊ दे. डबा ठेवा खाली."

दुसरी पेरणीही उकरली गेली. मग भिंतीवरून जुंपली.

"ताई, तुमची मांजर सांभाळा!"

"भाऊ, मांजराला काय कुंपण कळतं?"

"मांजराला नाही कळत, मालकिणीला तरी कळू दे!"

"कोबा आरशासारखा करता आणि जीभ मात्र खडीसारखी!"

मावशीने दार लावून घेतले. रोज संध्याकाळी भिंतीवरून काकूंना हाक यायची, ती बंद झाली. काकू भिंतीजवळ जाऊन उगाच कपडे वाळत घालत उभ्या राहायच्या.

तिसरी पेरणी उकरली गेली, त्या दिवशी गवंड्याने काही आरडाओरडा केला नाही. तो एक पोते झटकत घराबाहेर आला. "उद्या सकाळी पकडतो आणि नदीपलीकडे सोडून येतो," एवढेच तो म्हणाला.

काकू रडवेल्या झाल्या. "अहो, त्या बाईला दुसरं आहे कोण?"

"आणि मला? मला या वाफ्याशिवाय दुसरं काय उरलंय?"

मित्रांनो, दोघेही खरेच बोलत होते. आणि मी, पालथा पडलेला, कोणाच्या बाजूने बोलणार? मी म्हटले, देवा, एवढ्या भिंती माझ्याकडून उभ्या करून घेतल्यास. आता या दोन घरांमधली तेवढी पाड रे बाबा!

उजाडले. गवंडी पोते घेऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. सगळीकडे शांत. इतक्यात भिंतीपलीकडून आवाज आला. खर्र, खर्र. थांबला. चार पावले. पुन्हा खर्र, खर्र. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, मग नळाजवळून.

गवंड्याने कान टवकारले. आपण घोटलेल्या कोब्यावर काय घासले म्हणजे कसा आवाज येतो, हे त्याला नाही तर कोणाला कळणार? तो टाचा उंचावून भिंतीपलीकडे डोकावला आणि तसाच राहिला.

"अगं," तो हळूच म्हणाला, "अगं, आधी इकडे ये!"

काकू धावत आल्या. "पकडलीत?"

"तिला नाही, स्वतःलाच पकडलं. बघ, प्रत्येक कोपरा उकरून बघतेय ती. माती शोधतेय गं, माती! सगळ्या अंगणात बोटभर माती मी ठेवली नाही, आणि मग इकडे चाळून चाळून गादी घालून ठेवली. ती दुसरीकडे जाईल कुठे?"

ठिगळी भिंतीवर चढली, उतरली आणि त्याच्या पायांजवळून वाफ्याकडे गेली. पोते त्याच्या हातात होते. ते त्याने खाली टाकले.

मग काय विचारता! हा भला माणूस छिन्नी आणि हातोडा घेऊन थेट मावशीच्या दारात. मावशीने हातोडा पाहिला आणि कापड कापायची कात्री उचलली.

"खबरदार, माझ्या मांजरीला हात लावाल तर!"

"मांजरीला नाही हो ताई, कोब्याला लावतो! कोपरा फोडतो. हातभर माती मोकळी करून देतो तिला."

"म्हणजे पुन्हा चिखल? पुन्हा माझं मनगट?"

दोघे पुन्हा भांडणार, तोच मागून काकू म्हणाल्या, "अहो, फोडायचं कशाला? माती खाली नसेल तर वर ठेवा. टाकीजवळ ते घमेलं पडलंय की."

घमेलं! मित्रांनो, मी! किती दिवसांनी कोणी माझे नाव काढले होते! गवंड्याने मला सुलटे केले, कोळ्याला हळूच झाडावर सोडले, मला घासले आणि बुडाला पत्र्याचा तुकडा ठोकला. वाळू भरून मला मावशीच्या अंगणातल्या या कोपऱ्यात आणून बसवले. तिकडे त्याने चौथ्यांदा बी पेरले आणि वाफ्यावर तारेची जाळी आडवी अंथरली. रोपे भोकांतून वर येतील, पण पंजाला उकरता येणार नाही.

पहिल्या दिवशी ठिगळी आली, मला हुंगले आणि तोंड फिरवून निघून गेली. काकू सांगतात, ती वाफ्यावर जाऊन जाळीवर उभी राहिली, "हे काय नवीन?" अशा नजरेने पाहिले आणि परत आली. दुसऱ्या दिवशी तिने मावशीच्या कापडांच्या गठ्ठ्याकडे पाहिले. मावशी किंचाळली. माझा जीव टांगणीला लागला. हिने मला नाकारले, तर पुन्हा ते पोते!

गवंडी माझ्यापुढे बसला. मूठभर वाळू बोटांतून सोडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे, ही तर स्लॅबची जाडीभरडी वाळू! मी तिच्यासाठी बांधकाम काढलंय की काय?" त्याने बारीक वाळू चाळून आणली. वर वाफ्यातली, तिच्या ओळखीची दोन ओंजळी माती पसरली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिघे दाराआड उभे. मावशी, काकू, गवंडी, एकावर एक तीन डोकी.

"पाय टाकला!"

"हळू बोला हो!"

"तुम्हीच हळू बोला!"

एक मऊ पंजा माझ्या काठावर आला, मग दुसरा. मित्रांनो, विटा वाहिल्या, खडी वाहिली, पण इतके हलके ओझे मी कधी उचलले नव्हते! ठिगळी आत उतरली. उकरले. गोल फिरली. पुन्हा उकरले. बसली. आणि मग अगदी शहाण्या बाईसारखी सगळे नीट झाकून, शेपटी उभारून निघून गेली. दाराआड मावशीने काकूंना मिठी मारली, आणि गवंडी सदऱ्याच्या बाहीला नाक पुसत म्हणाला, "टिकला गं, माझा घमेल्या टिकला!"

टमाटी आता कमरेइतकी वाढली आहेत. पहिले लाल टमाटे काकूंनी भिंतीवरून मावशीला दिले. ठिगळी भिंतीवर बसून ते देणेघेणे पाहते, पण वाफ्याकडे उतरत नाही.

मुलांनो, तुमच्याही अंगणात कोणाची मांजर येत असेल, तर दगड उचलण्याआधी जरा थांबा. तिचे काय हरवले आहे ते तिच्या मागे जाऊन पाहा. तिच्या घरच्यांशी भांडण्याआधी बोला. तुमच्या मातीवर जाळी अंथरा आणि तिची माती तिच्या दारात ठेवा. देवाच्या या जगात प्रत्येकाला हातभर जागा हवी असते, हो की नाही?

आणि जाता जाता एक विनंती. मावशीला आज फार शिवण आहे, ती विसरली आहे. तिला जरा हाक मारून सांगा ना, वाळू बदलायची वेळ झाली!