कुलूप लावलंय, आत माणूस आहे

मी लिफ्टचं काम करते असं सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे बटण दाबायचं का?" पूर्वी मी चिडायचे. आता "हो, जरा जोरात दाबते" म्हणून मोकळी होते. खरं काम असं, की लिफ्ट बंद पडली की तिच्या डोक्यावर चढायचं नाहीतर तिच्या पायाखालच्या खड्ड्यात उतरायचं, आणि ही का रुसून बसलीय ते शोधायचं. रुसलेली माणसं मला सहन होत नाहीत, यंत्रं होतात. यंत्राला निदान कारण असतं.

माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, घरात सगळे भुंगी म्हणतात. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिची भुणभुण थांबत नाही. शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि तिच्या डोक्यात शिरलं की आपण आत्याच्या कंपनीत शिकाऊ उमेदवार व्हायचं. आमच्याकडे दरवर्षी अशी मुलं घेतात. आठवड्यातले बहुतेक दिवस उस्तादाच्या हाताखाली काम, एक दिवस वर्गात बसून अभ्यास, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. भुंगीने चाचणी दिली, निवडही झाली. अडलं फक्त एका ठिकाणी. तिचं वय लहान, पालकांची संमती हवी, आणि दादा काही केल्या हो म्हणेना. त्या आठवड्याअखेर उत्तर दिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"आधी नीट शीक, मग काय करायचं ते कर," हे दादाचं पालुपद. दादा विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. त्याचा शर्ट संध्याकाळी घरी आल्यावरही सकाळी घातला तसाच असतो.

"अरे, तेही शिकणंच आहे," मी म्हणायचे. पण पालथ्या घड्यावर पाणी.

अशात शाळेने 'शाळेनंतर काय?' असा कार्यक्रम ठेवला. कॉलेजखेरीजही वाटा असतात, काम करता करता शिकता येतं, हे मुलांना सांगायला दोनचार कारागिरांना बोलावलं, त्यात मीही होते. त्याच दिवशी पुढे पालकांची सभा होती. भुंगीने मला आदल्या दिवशी बजावलं, "आत्या, असं बोल की बाबांच्या कानावर गेलं तर ते विरघळलेच पाहिजेत."

"तुझे बाबा साखर आहेत का विरघळायला?"

"तू भांडू नकोस म्हणजे झालं," ती म्हणाली. पोरगी मला ओळखून आहे.

सकाळी मी वर्गात बोलायला उभी राहिले आणि पाहता पाहता मागच्या बाकांवर जांभयांची साथ पसरली. त्यांचा दोष नाही. मला बोलता येतं ते भांडताना, भाषण करताना नाही. शेवटी मी पिशवी उचलली आणि म्हटलं, "चला, तुमच्या शाळेची लिफ्ट आतून बघू."

जांभया जागच्या जागी विरल्या.

मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, परवानगी मी आधीच घेऊन ठेवली होती. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन उभी केली. तळमजल्यावर लिफ्टच्या बाजूच्या कपाटात तिचा मेन स्विच होता. तो बंद केला आणि त्यावर माझं लाल कुलूप लावलं. मग खालचं दार खास किल्लीने उघडून त्यापुढे आडवा दांडा टाकला, मुलांना दांड्याच्या अलीकडे उभं केलं, आणि मी शिडीवरून खड्ड्यात उतरले. वरून सगळ्यांची डोकी खाली वाकली.

"या कुलपाचा अर्थ काय?" मी खालून विचारलं.

"चोर येऊ नये," एक जण म्हणाला. हशा पिकला.

"चोर मेन स्विच नेऊन काय करेल रे? अर्थ एकच. कुलूप लावलंय, म्हणजे आत माणूस आहे. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. तिघं उतरले तर तिघांची तीन कुलपं. मालक येऊ दे नाहीतर मंत्री, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. आमच्याकडे पाना धरायला नंतर शिकवतात, हे आधी."

भुंगीची भुणभुण सुरू झाली. "आणि समजा तो माणूस कुलूप तसंच ठेवून घरी गेला तर?"

"तर त्याला शोधायचं. तो बाहेर आहे याची खात्री पटेपर्यंत कुलूप तसंच राहील."

"कितीही वेळ लागला तरी?"

"कितीही. पण असा गाढव आमच्यात कोणी नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

मुलांचे प्रश्न संपेनात. भीती वाटते का, मुलींना घेतात का, गणित किती लागतं. गणित लागतं म्हटल्यावर दोघांचे चेहरे पडले, पगार ऐकल्यावर परत वर आले. घंटा झाली तशी मुलं अनिच्छेने वर्गात गेली. मी खूश होते. शिडी चढून वर आले, तर समोर दादा. पालक सभेला लवकर आला होता, आणि उघड्या दारातून खाली खड्ड्याकडे बघत होता.

"हे दाखवलंस तू पोरांना?"

"मग काय बटणं दाखवू?"

"भुंगीला असल्या भोकात उतरवायचं म्हणतेस. मी जिवंत असेपर्यंत नाही."

"मी उतरते ती काय मेले?" माझा राग नाकावर होताच, आता तो जिभेवर आला. "स्पष्ट सांग ना, पोरगी काळे हात घेऊन घरी आली तर तुला लाज वाटेल! माझी वाटते तशीच!"

दादाला तोंडात मारल्यासारखं झालं. तो वळला आणि जिना चढून सभेच्या हॉलकडे गेला. मी शिडी काढली, दार लावलं, पिशवी खांद्यावर टाकली आणि डोक्यात राख घालून मागच्या फाटकातून चालू लागले. फाटकावर कोणी नव्हतं.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा मागवला. फोन वाजला. दादा. म्हटलं, वाज. भांडण पुढे चालवायचंय वाटतं. परत दादा. मग भुंगी. बापाने लेकीला पुढे केलं, म्हटलं, तोही उचलला नाही. चहा अर्धा झाला तेव्हा मोठ्या बाईंचा नंबर दिसला. त्यांच्याशी मात्र माझं भांडण नव्हतं, म्हणून गोड आवाजात "बोला ना" म्हटलं.

"तुम्ही कुठे आहात?" त्यांचा आवाज विचित्र येत होता.

"कोपऱ्यावर. चहा घेतेय."

"बाहेर आहात? नक्की बाहेर?" आणि त्या फोनपासून तोंड फिरवून ओरडल्या, "बाहेर आहे! बाहेर आहे ती!" मागे कोणीतरी रडल्याचा आवाज आला.

मी खिशात हात घातला. कुलपाची किल्ली हाताला लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

चहा तसाच ठेवून मी पळाले. दरम्यान काय झालं ते मला नंतर शिपाईकाकांनी साग्रसंगीत सांगितलं.

सभा सर्वांत वरच्या मजल्यावर होती, आणि तिथे यायचे होते संस्थेचे अध्यक्ष. वय झालेलं, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. लिफ्ट चालेना. मोठ्या बाईंनी कपाट उघडून पाहिलं तर माझं कुलूप. मला हाका मारल्या, उत्तर नाही. "गेली असेल विसरून," कोणीतरी म्हणालं, आणि शिपाईकाकांना लोखंड कापायची मोठी कात्री आणायला पाठवलं. काका ती घेऊन आले तेवढ्यात वर्गातून सभेच्या खुर्च्या लावायला निघालेली भुंगी तिथे पोचली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"कापायचं नाही," ती म्हणाली. "आत माणूस असेल."

"अगं, हाका मारल्या आम्ही."

"बेशुद्ध असेल तर? तिला जाताना कोणी बघितलंय?"

कोणीच बघितलं नव्हतं. खालचं दार उघडायची किल्ली माझ्याकडेच. मोठ्या बाई काही वाईट नाहीत, पण अध्यक्ष ताटकळलेले, पालक खोळंबलेले. त्यांनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. पण भुंगी तसूभर हलली नाही, असं काका म्हणाले. शेवटी वर हॉलमध्ये तिच्या बाबांना बोलावणं गेलं.

दादा जिना उतरून आला आणि आधी तिच्यावरच खेकसला. "काय तमाशा चालवलायस? बाजूला हो!" दंड धरून ओढलंही.

"बाबा, आत आत्या असेल."

दादाचा हात तिच्या दंडावरच राहिला. त्याने मला शेवटचं पाहिलं होतं ते त्या उघड्या दारासमोरच. काका सांगत होते, माणसाचा चेहरा एवढा पांढरा पडलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. मग त्याने फोन लावायला सुरुवात केली.

मी धापा टाकत आत शिरले तेव्हा अध्यक्ष खुर्चीवर बसले होते, भोवती पालकांची गर्दी, कपाटाला टेकून भुंगी, आणि तिच्या शेजारी दादा. ती मोठी कात्री दादाच्या हातात होती. काकांच्या हातातून त्याने ती काढून घेतली होती, आणि कोणी मागितली तरी देत नव्हता.

"चूक माझी आहे," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "पूर्ण माझी. मी कुलूप काढायला विसरले."

कोणीतरी हसलं. "एवढं रामायण रिकाम्या खड्ड्यासाठी!"

भुंगीने मान खाली घातली. माझं काळीज तुटलं. चूक मी करावी आणि हसू तिचं व्हावं!

"खड्डा रिकामा आहे हे आत्ता कळलं तुम्हाला," मी त्या माणसाला म्हटलं. "तिला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं. तरी ती एकटीच उभी राहिली." मग तिच्याकडे वळून म्हटलं, "भुंगे, बरोबर केलंस. मी शिकवलं ते तू केलंस, मी नाही केलं."

अध्यक्ष खुर्चीतून उठले. "लिफ्ट चालू झाली का? नाही ना? मग मला कोणी हात द्या. आज जिनाच बरा वाटतोय." मोठ्या बाई घाईने पुढे झाल्या, जाताना माझ्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकून. तो मला बरोबर पोचला. सगळे त्यांच्यामागे वर गेले. राहिलो आम्ही तिघं.

"फोन का उचलला नाहीस?" दादाने विचारलं.

"मला वाटलं, भांडायला लावलास."

"तू त्या कामाला लागलीस ना," तो म्हणाला, "तेव्हापासून अनोळखी नंबरवरून फोन आला की मी आधी देवाचं नाव घेतो, मग उचलतो. लाज कसली वाटणार तुझी? आईबाबा गेल्यावर तू एकटीच तर आहेस मला. एक तू आहेस खड्ड्यात तेवढी पुरे. आता हीसुद्धा?"

इतकी वर्षं मी त्याच्याशी भांडत आले, आणि भांडत होते ते भलत्याच गोष्टीशी.

दादाने कात्री भिंतीला टेकवली. "मला दाखव ते खाली."

"कपडे खराब होतील."

"दाखव म्हटलं ना."

मी माझं कुलूप काढलं, पिशवीतलं दुसरं त्याच्या हातात दिलं. त्याने ते मेन स्विचला लावलं आणि किल्ली भुंगीपुढे धरली. "तुझ्याकडे ठेव."

"नाही बाबा. जो आत जातो, किल्ली त्याच्या खिशात."

त्याने मुकाट्याने खिशात टाकली. मी दार उघडून शिडी लावली. शिडीच्या प्रत्येक पायरीवर पाय चाचपत तो खाली उतरला. बराच वेळ तिथे उभा होता. लिफ्ट ज्यांवरून सरकते त्या उभ्या रुळांना हात लावून पाहिला, वर अंधारात लटकलेल्या लिफ्टकडे पाहिलं. मी एकेक भाग काय करतो ते सांगत होते, पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं.

"उद्या ही इथे खाली असेल," तो खालून म्हणाला, "आणि वरती कोणाला घाई असेल. तेव्हा हिच्या कुलपापुढे कोण उभं राहणार?"

मला त्याला खोटं सांगायचं नव्हतं. "पहिल्या वर्षी तर उस्ताद शेजारीच असतो. मीही असेन. पुढे जी माणसं असतील ती तशीच शिकलेली असतील. पण दादा, जगातल्या प्रत्येक माणसाची हमी मी तुला देऊ शकत नाही. ती स्वतः कशी आहे ते मात्र आज तू बघितलंस."

मग शिडी करकरली. दादा वर आला, स्वतःच्या हाताने आपलं कुलूप काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. त्याच्या छातीवर, खांद्यावर ग्रीसचे काळे पट्टे उमटले होते.

"कुठे सही करायची असते?" त्याने भुंगीला विचारलं.

"खरंच, बाबा?"

"तुझ्या आईला मी समजावतो," तो म्हणाला. "शर्टाचं मात्र तुझ्या आत्याने सांगायचं. मला तेवढी हिंमत नाही."

भुंगीने त्याला घट्ट मिठी मारली. शर्टाची काळजी करण्यात आता काही अर्थ उरला नव्हता.