चिंचेने उजळलेले सरखेल

रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. आमच्या ह्यांनी, म्हणजे नरेंद्रांनी, गॅरेजमध्ये प्रेस बसवला आणि कान्होजी आंग्र्यांची तांब्याची टोकनं पाडायला घेतली. एका बाजूला मराठी आरमाराचे सरखेल, दुसऱ्या बाजूला गलबत. का, तर "माझ्यामागे ही गोष्ट कोण सांगणार?" रोख आमच्या मुलावर, नीलवर. कान्होजींचं नाव निघालं की तो शाळेत असल्यापासून कानांत हेडफोन घालतो. ह्यांना ते फार लागतं.

इथे अमेरिकेत, आमच्या ॲन आर्बरच्या नाणेसंग्राहकांनी त्यांच्या प्रदर्शनात ह्यांना एक टेबल दिलं. आदल्या दिवशी बघते तर सगळी टोकनं काळीठिक्कर. माझ्या घरातलं तांबं असं चारचौघांत जाणार? चिंच आणि मीठ घेऊन बसले आणि एकेक टोकन घासून लख्ख केलं.

हे आले आणि मटकन खुर्चीत बसले. "सुचित्रा, तो काळेपणा मी केमिकल लावून मुद्दाम आणला होता. जुनं दिसावं म्हणून. नाणं घासणं म्हणजे त्या लोकांत पाप. मी येत नाही उद्या."

"मग मी एकटी जाते," मी म्हटलं. तांबं घासल्याबद्दल मी माफी मागितली नाही, आजही मागणार नाही.

शेवटी नीलनेच आम्हा दोघांना गाडीत घातलं.

हॉलभर काळपट नाणी, आणि आमचं टेबल तेवढं झळकत होतं. दोन जुने संग्राहक नाक मुरडून गेले. बाकीचे मात्र थांबायचे, टोकन उचलायचे आणि विचारायचे, हा कोण? हे आधी तुटक बोलले, मग रंगात आले. दुपारपर्यंत घसा पार बसला. एक बाई टोकन घेऊन समोर उभ्या, आणि ह्यांच्या तोंडून नुसती हवा.

तेवढ्यात नील पुढे सरकला आणि इंग्लिशमध्ये सुरू झाला. इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजींच्या कुलाबा किल्ल्यावर कसे चालून आले आणि हात हलवत कसे परत गेले. ह्यांच्यासारखाच, नेमका 'परत गेले'च्या आधी थांबला. एकही तपशील चुकला नाही.

"तुला हे कधी पाठ झालं?" मी विचारलं.

"बाबा स्विमिंगला सोडताना रोज तेच सांगायचे, आई. हेडफोनमधूनही ऐकू यायचं. सीटबेल्ट लावलेला, आय वॉज ट्रॅप्ड."

ह्यांचा चेहरा इतका फुललेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी नीलला हातानेच खूण केली, पुढे सांग.