लाल थरातला डबा

“भिंतीत डबा अडकतो का कधी? खोटं बोलायचं तर जमेल असं तरी बोल,” हिरी म्हणाली.

“अडकलाय, बाय. तीनदा सांगितलं.”

“मग मी भाकर कशात देऊ? रोज पळसाच्या पानात बांधू?”

“पानात दे ना. दाजींना नवा डबा दे, चकचकीत, तीन मजली. मला पान चालंल.”

हिरीने हातातलं पोतेरं लाल पाण्याच्या बादलीत आपटलं. नणंदेचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चित्र, लिहायची भिंत अजून अर्धीच सारवून झाली होती. आणि हा सख्खा भाऊ, जिव्या, सकाळी सकाळी उंबऱ्यात बसून तिच्या नवऱ्याच्या नावाने खडे फोडत होता.

जिव्याच्या पोटात दुखत होतं, दुसरं काही नाही. अख्ख्या पाड्याला ते माहीत होतं.

सूर्यमाळच्या डोंगरातून पाण्यासाठी बोगदा काढायचं ठरलं, तेव्हा पहिला कामावर गेला तो जिव्या. विहिरी खणून खणून हात तयार झालेला. दगडावर हातोडी मारून आवाजावरून सांगायचा, हा फुटेल, हा नाही. हिरीच्या नवऱ्याला, रोहिदासला, त्यानेच नेलं. आणि सहा महिन्यांत झालं काय? रोहिदास बारावी पास, जिव्या आठवीत मास्तरांशी भांडून शाळेतून पळालेला. इंजिनियर मॅडमनी टेप, वही आणि पांढरं हेल्मेट रोहिदासला दिलं. जिव्याच्या डोक्यावर पिवळंच राहिलं.

तेव्हापासून रोहिदास रोज सकाळी आत जायचा आणि दोन भिंतींतल्या खिळ्यांमधलं अंतर मोजायचा. डोंगर वरून दाबतो, बोगदा आवळत येतो, किती आवळला ते वहीत लिहायचं. एवढंच काम. पण बाप जेवायला बसला की चार माणसांत म्हणायचा, “आमचे जावई डोंगर मोजतात.” पोरगा त्याच डोंगरात घाम गाळतो, ते कोण सांगणार?

आता वही खोटी होती, आणि रोहिदास सोडला तर हे एकट्या जिव्याला माहीत होतं.

बोगद्यात वर काळा दगड, खाली काळा दगड, आणि मधे कमरेच्या उंचीला हातभर जाड लाल मातीचा थर. दोन भाकऱ्यांत चटणी घालावी तसा. मॅडमनी खिळ्यांची एक जोडी त्या लाल थरातच ठोकायला सांगितली होती. पण लाल मातीत खिळा ठरेना. दोनदा गळून पडला. तिसऱ्यांदा रोहिदासने इकडे तिकडे बघितलं आणि दोन वीत वर, काळ्या दगडात ठोकून दिला. मागे अंधारात उभ्या जिव्याने ते पाहिलं. काळा दगड कशाला हलतोय? वहीत रोज तोच आकडा. मॅडम खूश.

हलत होता तो लाल थर. हिरीच्या भिंतीसाठी जिव्याने तिथूनच माती खरवडून आणली होती, गेरूसारखी, हाताला मऊ. खरवडलं तिथे कोनाडा झाला. डबा ठेवायला बरा. शनिवारी ठेवला आणि विसरला. सोमवारी बघतो तर डबा निघेना. चारी बाजूंनी माती फुगून आत आलेली, कोनाड्याचं तोंड मिटत चाललेलं, झाकण चेपलेलं. वर बघितलं, तर छताचा काळा दगड मधे किंचित लोंबलेला आणि त्यात नखाएवढी फट. शनिवारी ती नव्हती. वरचं वजन लाल मातीला पिळून बाहेर काढत होतं. ती निघाली की तिच्यावर टेकलेलं छत कशावर राहणार?

फटीचं जिव्या कुणाला बोलला नाही. बुधवारी मॅडम येतील, थराला स्वतः हात लावतील, मग वही पण जाईल आणि पांढरं हेल्मेट पण. मशीन बिघडल्यामुळे सोमवार दुपारपासून खोदकाम बंदच होतं. आत जायचा तो एकटा रोहिदास, तोही दहा मिनिटं. खिळे तर बोगद्याच्या तोंडाजवळ, थराचा तो भाग बराच आत. दहा मिनिटांत काय होतंय, असं त्याने दोन दिवस स्वतःला समजावलं होतं.

आज बुधवार होता.

“मॅडम येऊ दे आज,” तो म्हणाला. “मग कळंल तुझा नवरा काय मोजतो ते.”

“काय मोजतात?”

“काय नाय.”

“तुला त्यांचं बरं बघवत नाय, जिव्या. लहानपणी माझ्या ताटातला मासा मोठा दिसायचा तुला, तसाच राहिलास.” हिरीने पोतेरं पिळलं. “आणि त्यांना बघ. काल मी म्हटलं, तो डबा अडकल्याचं खोटं सांगतोय. तर मलाच म्हणाले, जिव्या खोटं नाय बोलायचा, अडकलाच असंल. मी काढून आणतो, म्हणाले. आपल्यावर रुसलाय तो, डबा तरी मिळू दे त्याला.”

जिव्या उठून उभा राहिला.

“कधी काढणार?”

“आज. पहार घेऊन लवकर गेलेत. भिंतीला माती पण कमी पडतेय, तर तिथूनच दोन टोपल्या खरवडून आणतील.”

“त्याच कोनाड्यातून?”

“मग कुठून? तूच तर म्हणालास, तिथली चांगली हाय.”

त्याने मोबाइल काढून नंबर लावला. बाई नेहमीचं बोलली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बोगद्यात रेंज कधी आली होती?

“किती वेळ झाला जाऊन?”

“तू आलास त्याच्या जरा आधी. का रे? तोंड का असं झालं तुझं?” हिरी लाल हाताने पदर सावरत पुढे आली. “सांग ना. भाकर तरी ने, बांधून ठेवलीय.”

“राहू दे,” जिव्या म्हणाला. एक चप्पल सापडली, दुसरी शोधायला तो थांबला नाही. “मला निघायला पाहिजे, बाय. आत्ता.”