उजवीकडचे दोन दिवे

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गाडीचा उजवा हेडलाइट लागला नाही.

सासूबाई स्टिअरिंगमागे बसल्या होत्या. सून बॉनेटसमोर उभी राहून एकेक दिवा तपासत होती.

"पुन्हा लावा, आई."

"तीनदा लावला. आता काय हात जोडू त्याला?"

"बरं, इंडिकेटर दाखवा. डावा. ठीक. आता उजवा."

उजवा दाबल्यावर गाडीच्या आतली टकटक दुप्पट घाईनं सुरू झाली. सुनेनं मागे जाऊन पाहिलं, पुढे येऊन पाहिलं. मागचा लुकलुकत होता, पुढचा बंद. जोडीतला एक बल्ब गेला की टकटक अशी धावत सुटते, हे सासूबाईंना ठाऊक होतं. शेजारच्या सीटवर सव्वीस वर्षं बसून त्यांनी नवऱ्याकडून गाडीबद्दल पुष्कळ ऐकलं होतं. स्टिअरिंगला मात्र ते असेपर्यंत हात लावला नव्हता.

सासूबाईंची गाडी चालवण्याची चाचणी दुपारी अडीचला होती. स्वतःची गाडी आणायची आणि निघण्याआधी परीक्षक सगळे दिवे पाहणार, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं. सासूबाईंच्या शिकाऊ परवान्याची मुदत त्याच दिवशी संपत होती. त्यानंतर पुन्हा अर्ज, पुन्हा लेखी परीक्षा. तेवढा वेळ गाडी घरात राहणार नव्हती. नवरा गेल्यापासून चौदा महिने ती दारातच उभी होती, सून रविवारी सासूबाईंना शिकवायला बाहेर काढायची तेवढीच; आणि शनिवारी, म्हणजे परवा, मुलानं ठरवलेलं गिऱ्हाईक ती पाहायला येणार होतं. मुलानं जेवणाच्या टेबलावर शब्द दिला होता: शनिवारच्या आत आईनं पक्का परवाना दाखवला, तर गाडी विकायची नाही.

सासूबाई बासष्ट वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे कपडे शिवले. गाडी कशाला हवी, असं मुलानं विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "इतकी वर्षं कुठे जायचं तर विचारून गेले. आता सांगून जाईन."

गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या आणा.

"उद्या गेला त्याच्या घरी," म्हणत सासूबाई खाली उतरल्या आणि त्यांनी बाह्या वर केल्या. "डबा आण."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. सासरे बसडेपोत स्टोअरकीपर होते. घरातला प्रत्येक सुटा भाग त्यांनी डेपोच्या शिस्तीत ठेवला होता. डब्यात हेडलाइट बल्बची चार खोकी होती आणि इंडिकेटरची दोन लहान. सगळी नीट बंद, कडा जुळवलेल्या.

"बघ," सासूबाई म्हणाल्या. "माणूस गेला, पण आपली सोय करून गेला."

सून रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. आज तिनं सुट्टी घेतली होती. पर्समधून तिनं रबरी हातमोजे काढले.

"काचेला बोट लावायचं नाही, आई. बोटाचं तेल लागतं, बल्ब तापला की तिथेच काच जाते."

"हातमोजे घातले की बोट आंधळं होतं."

"नाही घातले की बल्ब जातो."

तडजोड झाली. बल्ब पितळी बुडाशी धरायचा, काचेवर स्वच्छ रुमाल. हातमोजे पर्समध्ये परत गेले.

हेडलाइटच्या मागे बॅटरी होती, आणि दोहोंच्या मधे चार बोटं जातील एवढीच फट. सुनेनं हात घालून पाहिला. मनगटाशी अडकला. सासूबाईंचा हात लहान होता. तो कोपरापर्यंत गेला. तीन पायांचा सॉकेट त्यांनी हलवत हलवत काढला. त्यामागची रबरी टोपी सोलून काढली. मग बल्बला जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगची तार आली. ती दिसत नव्हती. सून मोबाइलचा उजेड पाडत होती, तोही बॅटरीवरच पडत होता.

"बंद कर तो. डोळ्यांवर येतोय."

"दिसणार कसं?"

"पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचा हूक लावतेस तेव्हा दिसतं का?"

कुंपणावरून हसू आलं. शेजारचे काका कधीपासून उभे होते, कोण जाणे. काका निवृत्त होते आणि गल्लीतल्या प्रत्येक कामाला हजर असायचे, हात न लावता.

"वहिनी, शिलाई मशीन नाही ते."

"म्हणूनच जरा सोपं जातंय," सासूबाई वर न बघता म्हणाल्या. तार सुटल्याचा बारीक आवाज झाला. जुना बल्ब बाहेर आला.

अकरा पंचविसाला पहिल्या खोक्यातला बल्ब बसला. मोठं पातं वर, दोन लहान खाली, वर तार, टोपी, सॉकेट. सुनेनं किल्ली फिरवून दिवा लावला. उजवा बंद.

दुसऱ्या खोक्यातला बल्ब बसवायला पंधरा मिनिटंच लागली. हाताला वाट कळली होती. तोही लागला नाही.

"वायरिंग गेलं," काका म्हणाले. "आता हे घरचं काम राहिलं नाही. माझा ऐका सल्ला—"

"काका, तुमचा सल्ला आम्ही डब्यात जपून ठेवतो," सून म्हणाली आणि फ्यूजचं झाकण उघडून बसली. फ्यूज शाबूत होता. झाकणावरच्या चित्राशी तिनं दोनदा ताडून पाहिला.

त्याच वेळी मुलाचा फोन आला. काकांनी कळवलं होतं, हे पहिल्याच वाक्यात कळलं.

"आई, कशाला नसतं अंगावर घेतेस? राहू दे ना. मी तुला कुठे सोडत नाही का?"

"सोडतोस. घ्यायला यायला विसरतोस."

"एकदा झालं ते."

"मी तीन तास बसले होते. ते असू दे, तू शब्द दिलायस."

"हो, पण दिवेच लागत नाहीत तर—"

"गाडी वळवायची तर इंडिकेटर द्यावा लागतो, बाळा. शब्द वळवायची तर सोयच नाही. ठेवते, हात काळे झालेत."

फोन ठेवून त्या ओट्यावर बसल्या. उरलेले दोन बल्ब आणि बसवून काढलेले दोन असे चारही त्यांनी रुमालावर ओळीनं मांडले. चष्मा कपाळावर चढवला. जवळचं त्या तसंच बघायच्या, सुईत दोरा ओवताना बघायच्या तसं. सून पाणी घेऊन आली तेव्हा त्या एकेका बल्बचं पितळी पातं नखानं चाचपत होत्या.

"ही सुई वापरलेली आहे," त्या म्हणाल्या.

"कोणती सुई?"

"हे बघ. तारेनं घासल्याचा चरा. हे दोन आपण आत्ता बसवले, म्हणून यांना असेल म्हणावं. पण याला का आहे? हा तर खोक्यातून आत्ता बाहेर आला."

सुनेनं बल्ब उजेडात धरला. आतली बारीक तार तुटून लोंबत होती. मग बसवून काढलेले दोन्ही पाहिले. त्यांच्याही तारा तुटलेल्या.

सासूबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग सासूबाई हसायला लागल्या, आणि त्या हसण्यात थोडा रागही होता.

"डेपो! अगं, डेपोचा नियम. जुना बल्ब जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. तो जुना खोक्यात घालूनच जमा करायचा, नमुना म्हणून. हा माणूस घरीही तेच करत होता. नवा काढला, जुना त्याच्या खोक्यात. जमा कुणाकडे करणार होता? स्वतःकडेच!"

"म्हणजे सगळं भंगार?"

"चौथा बघू."

चौथ्याच्या पात्यावर चरा नव्हता. तार अखंड होती. बारा वाजून आठ मिनिटांनी उजवा हेडलाइट लागला, आधी खालचा झोत, मग वरचा. काकांनी कुंपणावर थाप मारली आणि मीच म्हणत होतो, असं काहीतरी म्हणाले.

इंडिकेटरचा होल्डर पाव फेरा उलटा फिरवला की निघत होता. त्यातला केशरी बल्ब आतून काळा पडलेला. डब्यातली दोन्ही खोकी उघडली. दोन्ही बल्ब तसेच काळे.

"मी आणते," सून म्हणाली. तोवर तिनं स्कूटर सुरूही केली होती.

सुट्या भागांचं दुकान मोठ्या रस्त्यावर होतं. ती एकला पाच मिनिटं असताना परतली. बल्बची काच पांढरी होती.

"केशरी नव्हता?"

"तो म्हणाला, एकच असतं."

एकच नव्हतं. बल्बच्या बुडाला दोन बारीक खुंट्या असतात. त्या खोबणीत घालून, दाबून फिरवायचं. पांढऱ्याच्या खुंट्या समोरासमोर होत्या. होल्डरमधली एक खोबण बाजूला सरकलेली. एक खुंटी बसे, दुसरी बसत नसे.

"जोर लावला तर?"

"जोर लावून बटण काजातून निघतं, बसत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि जुना काळा बल्ब तिच्या हातात ठेवला. "हा घेऊन जा. यासारखा दे म्हणावं. बोलायचं काही नाही, फक्त पुढे धरायचा."

सुनेनं त्या बल्बकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"नमुना," ती म्हणाली.

"हं. तुझ्या सासऱ्यांनी आपल्याला काही बोलायची सोय ठेवली नाही. जा, सव्वा वाजता दुकान जेवायला बंद होतं."

ती गेली तेवढ्या वेळात सासूबाईंनी तीन मेलेले बल्ब त्यांच्या खोक्यांत परत घातले. शिवणाच्या डब्यातला खडू आणून प्रत्येक खोक्यावर फुली मारली. मग हात पुसले. कागदपत्रं काढली: शिकाऊ परवाना, डोळ्यांच्या तपासणीचा दाखला, चाचणीचं पत्र. सगळं एका पिशवीत घालून पिशवी मागच्या सीटवर ठेवली. काळे हात साबणानं धुतले, तरी नखांच्या कडा काळ्याच राहिल्या.

एक वाजून चौतीस मिनिटांनी स्कूटर परत आली. दुकानदार शटर अर्धं ओढत होता; सुनेनं खाली वाकून जुना बल्ब आत धरला होता. या वेळचा केशरी होता आणि खुंट्याही जुळत होत्या. सासूबाईंनी तो रुमालात धरून दाबला, फिरवला, होल्डर जागेवर लावला.

"दे."

सुनेनं उजवा इंडिकेटर दाबला. टकटक सुरू झाली. सावकाश, एकसारखी. दोघींनी ती जरा जास्तच वेळ ऐकली.

बॉनेट पडू न देता, दोन हातांनी दाबून सासूबाईंनी बंद केलं आणि दोन वाजता त्या निघाल्या. सासूबाई चालवत होत्या, पक्का परवाना असलेली सून शेजारी. काकांनी फाटक उघडून दिलं. त्या दिवशी त्यांनी हात लावलेलं ते एकमेव काम.

चाचणी केंद्राच्या मैदानात त्या दोन बावीसला पोहोचल्या. पुढे चार गाड्या होत्या, त्यामुळे पाळी यायला तीन वाजत आले. परीक्षक तरुण होता, तोंडावर काही दिसू न देणारा. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, हेडलाइट लावायला सांगितले आणि उजव्यासमोर थांबला.

"हा नुकताच बदलला?"

"आज."

"कुणी?"

"मी."

त्यानं सासूबाईंच्या नखांकडे पाहिलं. इंडिकेटर पाहिले, ब्रेकचे दिवे पाहिले. मग हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं. सुनेला ते दिसलं नाही. "तुम्ही उतरा," तो तिला म्हणाला आणि तिच्या जागी बसला.

सून कुंपणाशी जाऊन उभी राहिली. तीन वाजून चार मिनिटांनी गाडी सुटली. दांड्यांमधून मागे घेणं झालं; एकही दांडी पडली नाही. चढावर गाडी थांबली, हातभर मागे घसरली, मग पुढे गेली. हातभर चालतं की नाही, हे सुनेनं शेजारी उभ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, साहेबावर आहे.

मुलाचा संदेश आला: 'काय झालं?' पाठोपाठ दुसरा: 'गिऱ्हाईक विचारतंय, शनिवारी किती वाजता येऊ.' सुनेनं दोन्ही वाचले आणि मोबाइल पर्समध्ये टाकला.

तीन वाजून अकरा मिनिटांनी गाडी चाचणीतल्या शेवटच्या टप्प्याला, मैदानाच्या टोकाला, रस्त्याला लागायच्या वळणावर येऊन थांबली. समोरून एकामागून एक वाहनं येत होती. मागच्या गाडीनं भोंगा वाजवला. रस्ता मोकळा होईपर्यंत सासूबाई हलायला तयार नव्हत्या. उजवा इंडिकेटर चालू होता, पुढचाही आणि मागचाही, आणि सून ओठांतल्या ओठांत त्याची लुकलुक मोजत होती. ती चाळीसपर्यंत आली तरी गाडी वळलेली नव्हती.