‘प्लाऊ’ पबची गोष्ट

हेस्टरचा फोन आल्यापासून ऑलिव्ह एका जागी बसली नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या विसरलेल्या कथा शोधून त्यांचं पुस्तक काढणाऱ्या या तरुण बाईला एका जुन्या मासिकात ऑलिव्हची कथा सापडली होती. आयुष्यात छापून आलेली ती एकुलती एक.

“इंग्रज-अमेरिकनांच्या दोस्तीचे गोडवे सगळ्यांनीच गायलेत हो,” हेस्टर म्हणाली होती. “खरं तुम्ही लिहिलंत. वाचन मात्र तुमच्याच गावात करायचं.”

तिथंच तर घोडं पेंड खात होतं.

युद्धाच्या काळात इंग्लंडातल्या सफोक परगण्यातल्या या गावाशेजारी अमेरिकन लष्करी विमानतळ होता. गोऱ्या अमेरिकन शिपायांनी दम भरला, म्हणून ‘प्लाऊ’ पबच्या मालकानं, सिड गॅरडनं, काळ्या अमेरिकन शिपायांना दार बंद केलं. ऑलिव्हनं ते लिहिलं, सिडचं नाव बदललं. गावानं ओळखायचं ते ओळखलंच. लोक तिला पाहून रस्ता ओलांडायला लागले, आणि तिनं लेखणी खाली ठेवली ती कायमची.

रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं, तर पहिल्याच रांगेत सिडची मुलगी ब्रेंडा. चाळीस वर्षं दोघींत अबोला. ऑलिव्हनं हेस्टरला बाजूला घेतलं.

“हेस्टर, मला नाही जमायचं. तूच वाच.”

ती दाराकडे वळली तोच ब्रेंडा आडवी आली. “काय गं, पळतेस कुठं?”

“तुला वाईट वाटेल, ब्रेंडा.”

“तेव्हाही वाटलं होतं. बाबा मरेपर्यंत तुझ्या नावानं खडे फोडत होते. मीही फोडले.”

“मग आज कशाला आलीस?”

“माझी नात बसलीय तिथं. आपल्या पणजोबांनी सगळ्यांना हसतमुखानं बिअर पाजली, असं वाटतं तिला. आम्हीच तसं सांगितलंय.” ब्रेंडाचा आवाज चिरकला. “मला नाही सांगता येत. तू वाच. फक्त बाबांना मिशा नव्हत्या हां.”

“ओळखू येऊ नयेत म्हणून दिल्या गं.”

“झाला का उपयोग?”

ऑलिव्हनं वाचायला घेतलं. टोपी काढून अदबीनं अर्धा ग्लास बिअर मागणाऱ्या शिपायाच्या तोंडावर दार लागलं, तेव्हा नात आजीकडे वळून बघायला लागली. ब्रेंडानं मान खाली घातली नाही.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. खुर्च्या सरकल्या, लोक चहाकडे गेले. ऑलिव्ह तिथंच उभी राहिली, कुणी काय म्हणेल याची वाट बघत.

ब्रेंडा कप घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसली. “घे. माफबिफ केलं असं समजू नकोस.”

“नाही समजत,” ऑलिव्ह म्हणाली, आणि तिच्या शेजारी बसली.